रिकाम्या पुटिकांची साक्ष

मानेच्या दोन्ही बाजूंना, कंठमण्याच्या वरच्या कडेशी बोटे हलकेच टेकवली असता जेथे नाडीचे ठोके लागतात, तेथे हृदयाकडून वर येणारी ग्रीवा धमनी दुभंगते. तिची एक शाखा चेहऱ्याकडे जाते, दुसरी मेंदूकडे जाते आणि या दोन शाखांच्या बेचक्यात तांदळाच्या दाण्याएवढा एक मांसल ठिपका चिकटलेला असतो. शरीररचनाशास्त्रात त्याला कॅरॉटिड बॉडी म्हणतात. माणसात त्याचे वजन जेमतेम 10 ते 15 मिलिग्रॅम भरते. परंतु वजनाच्या मानाने त्याला मिळणारे रक्त पाहिले, तर शरीरातील फारच थोडे अवयव त्याच्या जवळपास येतात. मांजरावरील मोजमापांनुसार या उतीच्या दर 100 ग्रॅमला मिनिटाला सुमारे 2 लिटर या वेगाने रक्त मिळते, तर मेंदूला त्याच हिशेबाने 50 ते 55 मिलिलिटर पुरतात. एवढ्या रक्ताची या ठिपक्याला स्वतःच्या पोषणासाठी गरज नसते. मेंदूकडे निघालेल्या रक्तात ऑक्सिजन किती आहे हे सतत चाखून पाहणे, हे त्याचे काम आहे.

हे काम ओळखू यायला बराच काळ जावा लागला. अठराव्या शतकातच शवविच्छेदन करणाऱ्यांच्या नजरेस हा ठिपका पडला होता, पण पुढे दीडशेहून अधिक वर्षे कोणी त्याला ग्रंथी म्हटले तर कोणी चेतागुच्छ. माद्रिदमध्ये सांतियागो रामोन इ काहाल यांच्या तालमीत वाढलेल्या फर्नांदो दे कास्त्रो यांनी 1926 ते 1928 या काळात त्यातील चेतातंतूंचा माग काढला. ते तंतू मेंदूकडून हुकूम आणणारे नसून मेंदूकडे वर्दी नेणारे आहेत, असे त्यांनी दाखवून दिले, आणि म्हणून हा अवयव रक्ताची रासायनिक चव घेत असावा असे अनुमान मांडले. बेल्जियममधील गेंट येथे कोर्नेय हेमान्स यांनी कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांनी त्या अनुमानाला शरीरक्रियेचा पुरावा मिळाला आणि 1938 सालचे नोबेल पारितोषिक हेमान्स यांच्याकडे गेले. दे कास्त्रो यांचा त्या पारितोषिकात वाटा असायला हवा होता, असे आज अनेक अभ्यासक मानतात आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. पुढे जपानमध्ये कोमेई नाकायामा यांनी दम्यावरील उपाय म्हणून रुग्णांच्या कॅरॉटिड बॉडी काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया केल्या. त्या उपचाराचे फळ वादग्रस्त ठरले. पण ज्यांच्या दोन्ही बाजूंचे ठिपके गेले, अशा माणसांत ऑक्सिजन कमी पडला तरी श्वासाचा वेग वाढण्याची प्रतिक्रिया जवळजवळ नाहीशी होते, ही गोष्ट मात्र त्यातून निर्विवादपणे समजली.

या ठिपक्यातील मुख्य पेशींना ग्लोमस पेशी म्हणतात. त्या गुच्छागुच्छांनी राहतात, त्यांच्याभोवती आधारपेशींचे पातळ आवरण असते आणि प्रत्येक गुच्छात चेतातंतूंची टोके येऊन भिडलेली असतात. धमनीतील रक्तात ऑक्सिजनचा दाब एरवी पाऱ्याच्या 95 ते 100 मिलिमीटरच्या आसपास असतो. तो 60च्या खाली उतरू लागला, की या तंतूंमधून जाणाऱ्या विद्युत स्पंदांची संख्या झपाट्याने चढते. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई 1646 मीटर उंच आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे 82 टक्के भरतो, रक्तातील ऑक्सिजन त्या उंबरठ्याच्या वरच राहतो, आणि चढणाऱ्याला लागणारी धाप ही मुख्यतः पायांच्या श्रमाची असते. सुमारे 3500 मीटर उंचीवरच्या लेहमध्ये विमानातून उतरून खाटेवर निवांत पडलेल्या माणसाचाही श्वास खोल होतो, तो मात्र या ग्लोमस पेशींच्या सांगण्यावरून.

पेशीला ऑक्सिजनची उणीव कशी कळते, याचा पहिला ठाम धागा 1988 साली स्पेनमधील होसे लोपेस-बार्नेओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हाती लागला. सशाच्या ग्लोमस पेशींच्या पटलातील पोटॅशियमच्या मार्गिका, म्हणजे पोटॅशियम आयनांना बाहेर जाऊ देणारी प्रथिनांची दारे, ऑक्सिजन कमी होताच मिटू लागतात, असे त्यांना आढळले. या दारांतून धन भार बाहेर झिरपत असतो, तोवर पेशी आतून ऋण आणि शांत राहते. दारे मिटली की आतला ऋण भार ओसरतो, त्या बदलाने कॅल्शियमच्या मार्गिका उघडतात आणि बाहेरचे कॅल्शियम आत घुसते. या साखळीच्या उगमाशी पेशीतील तंतुकणिका, म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणारी अंगके असल्याचे नंतरच्या संशोधनातून पुढे आले आहे. साखळीचे शेवटचे पाऊल या प्रकरणाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. कॅल्शियम आत येताच पेशीत आधीच भरून ठेवलेल्या सूक्ष्म पिशव्या पटलाला येऊन चिकटतात, फुटतात, आणि त्यांतील रसायन शेजारच्या चेतातंतूवर ओतले जाते.

या पिशव्यांना पुटिका म्हणतात, आणि त्यांतील रसायनाला, म्हणजे एका पेशीचा निरोप दुसरीला पोचवणाऱ्या पदार्थाला, चेतापारेषक म्हणतात. ग्लोमस पेशींतील पुटिकांचा व्यास साधारण 100 नॅनोमीटर असतो, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये अशा 10,000 पुटिका ओळीने बसतील. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक पुटिकेच्या मधोमध काळा गाभा दिसतो. या पेशींत सर्वांत ठळकपणे सापडणारे चेतापारेषक म्हणजे डोपामिन. काही प्राण्यांत त्याच्या जोडीने नॉरॲड्रेनलिनही बऱ्याच प्रमाणात असते. दोन्ही पदार्थ अमीन या रासायनिक कुळातले आहेत आणि टायरोसिन या अमिनो आम्लापासून तयार होतात. टायरोसिनपासून डोपा आणि डोपापासून डोपामिन, एवढा प्रवास पेशीच्या पेशीद्रवात, म्हणजे पुटिकांच्या बाहेर होतो. डोपामिनचे नॉरॲड्रेनलिन करणारे विकर मात्र पुटिकेच्या आत बसलेले असते, त्यामुळे डोपामिन आत शिरल्याखेरीज नॉरॲड्रेनलिन बनतच नाही.

बाहेर तयार झालेला माल आत कसा जातो, हे नीट समजून घेतल्याशिवाय हा साठा रिकामा करणाऱ्या औषधांची करणी कळत नाही. पुटिकेच्या पटलावर दोन वेगवेगळी यंत्रणा-प्रथिने असतात. पहिले प्रथिन पंपाचे काम करते. एटीपी हे पेशीचे ऊर्जाद्रव्य खर्चून ते प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे धन आयन, आत ढकलत राहते, आणि त्यामुळे पुटिकेच्या आतला भाग आम्लधर्मी होऊन त्याचा सामू 5.5च्या आसपास येतो, तर बाहेरचा पेशीद्रव 7च्या जवळ राहतो. आत कोंडलेले हे प्रोटॉन बाहेर पडायला वाट शोधत असतात, आणि त्यांना वाट मिळते ती दुसऱ्या प्रथिनातून, ज्याला अमीनवाहक म्हणता येईल. दोन प्रोटॉन बाहेर सोडावेत आणि त्या बदल्यात अमीनचा एक रेणू आत घ्यावा, असा त्याचा व्यवहार असतो. हा व्यवहार अखंड चालल्यामुळे पुटिकेतील अमीनची संहती बाहेरच्यापेक्षा हजारो पटींनी वाढते. पेशीद्रवात जे अमीन उरते, त्याला मोनोअमीन ऑक्सिडेज हे तंतुकणिकांच्या बाह्य पटलावरचे विकर गाठते आणि निकामी करते. खळ्यावरचे धान्य वेळेत कणगीत भरले नाही, तर रात्रीतून उंदीर-घुशी त्याचा फडशा पाडतात. ग्लोमस पेशीतही कणगीबाहेरच्या मालाची तीच गत असते. साठवण आणि नासाडी या दोन्ही क्रिया एकाच वेळी, एकमेकींच्या कुरघोडीत चालू असतात, आणि पेशीत दिसणारा साठा हा त्या ओढाताणीचा त्या क्षणीचा निकाल असतो.

या कणगीचे तोंड बुजवणारे पहिले औषध भारतीय मातीतून आले. सर्पगंधा हे पश्चिम घाटाच्या जंगलांतही आढळणारे लहानसे झुडूप. त्याच्या मुळ्या उन्माद, निद्रानाश आणि सर्पदंशावर देण्याची परंपरा जुनी आहे. 1931 साली कोलकात्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळीने उन्माद शमतो आणि रक्तदाब उतरतो असे नोंदवले, आणि त्याच वर्षी सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी मुळीतून अजमलिन हे अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीतील नायट्रोजनयुक्त औषधी द्रव्य, वेगळे केले. तरीही पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिकडे वळले ते मुंबईमुळे. के.ई.एम. रुग्णालयाशी संबंधित हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या 50 रुग्णांवर या मुळीचा प्रयोग करून त्याचे निष्कर्ष 1949 साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले. त्या काळात वाढलेल्या रक्तदाबावर सहज देता येईल असे खात्रीचे औषध जगात जवळजवळ नव्हते, आणि म्हणून त्या लेखाने युरोप-अमेरिकेतील औषधशास्त्रज्ञांना खडबडून जागे केले. 1952 साली स्वित्झर्लंडमधील बाझल येथील सिबा कंपनीच्या म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी मुळीतील मुख्य गुणकारी द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले आणि त्याला रेसरपिन असे नाव मिळाले. डॉ. वकील यांना 1957 साली अमेरिकेतील लास्कर पुरस्कार देण्यात आला. महाराष्ट्रातल्या वैद्यकीय इतिहासात या नोंदीचा जितका उल्लेख व्हायला हवा तितका होत नाही, हे खेदाने म्हणावे लागते.

रेसरपिन शरीरात नेमके काय करते, हे पुढच्या पाच वर्षांत उलगडले. बर्नार्ड ब्रॉडी यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेने रेसरपिनमुळे सेरोटोनिन हे दुसऱ्या जातीचे अमीन आपल्या साठ्यातून निसटून जाते असे दाखवले. मार्टे फोग्ट आणि मार्गारेट होल्झबाउअर यांनी मेंदूतील नॉरॲड्रेनलिन रिते होते असे मोजून दाखवले. आणि स्वीडनमधील आर्विद कार्लसन यांनी या सर्वांवर कळस चढवला. रेसरपिन दिलेले ससे कान पाडून, अंग आखडून, डोळे अर्धवट मिटून निश्चल बसून राहत. त्यांना डोपा टोचताच थोड्याच वेळात त्यांनी कान टवकारले आणि ते हालचाल करू लागले. 1957 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगातून डोपामिन हे स्वतःच्या अधिकाराने चेतापारेषक आहे ही कल्पना उभी राहिली, कंपवातावरील डोपा-उपचाराचा मार्ग खुला झाला आणि 2000 साली कार्लसन यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

रेसरपिनचा मूळ घाव अमीनवाहकावर आहे, हे नंतर स्पष्ट झाले. हा रेणू वाहकाच्या पेशीद्रवाकडील बाजूला इतका घट्ट जाऊन बसतो, की तो सुटणे जवळजवळ अशक्य असते. प्रोटॉनचा पंप पूर्वीसारखाच चालू राहतो आणि पुटिका आम्लधर्मी राहतात, पण अमीन आत घेणारे दार बंद पडते. दार बंद झाले म्हणून आतला माल कोंडून राहतो असेही नाही, कारण पुटिकेच्या पटलातून अमीन सतत थोडे थोडे झिरपत असते. एरवी ते लगोलग परत आत ओढले जाते, रेसरपिननंतर मात्र बाहेर पडलेला प्रत्येक रेणू मोनोअमीन ऑक्सिडेजच्या तोंडी जातो. त्यामुळे साठा एका क्षणात फुटून वाहत नाही, तर काही तासांत मुकाट्याने आटतो. औषध रक्तातून निघून गेल्यावरही ही रिकामी अवस्था अनेक दिवस टिकते, कारण पेशीला नवे वाहक असलेल्या नव्या पुटिका घडवाव्या लागतात. रेसरपिनच्या आधी मोनोअमीन ऑक्सिडेज रोखणारे औषध दिले, तर प्राणी सुस्तावण्याऐवजी उत्तेजित होतो, हे निरीक्षण या संपूर्ण चित्राशी तंतोतंत जुळते. पुटिकेबाहेर पडलेले अमीन अशा वेळी नष्ट न होता साचते आणि पेशीबाहेर सांडते.

आता पुन्हा मानेतल्या त्या ठिपक्याकडे वळता येईल. 1962 साली स्वीडनमधील बेंग्ट फाल्क आणि निल्स-ओके हिलार्प यांनी अमीन डोळ्यांना दिसेल अशी युक्ती शोधली होती. वाळवलेल्या उतीचा पातळ काप फॉर्मॅल्डिहाइडच्या वाफेत ठेवला, की त्यातील डोपामिन आणि नॉरॲड्रेनलिनचे असे संयुग बनते, जे विशिष्ट प्रकाशात हिरवट झळकते. कॅरॉटिड बॉडीचा काप या रीतीने तयार करून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की काळ्या पार्श्वभूमीवर ग्लोमस पेशींचे घोस उजळून निघतात. प्रत्येक पेशीचे केंद्रक तेवढे काळे गोल उरते आणि त्याच्या भोवतीचा पेशीद्रव हिरव्या-पिवळ्या तेजाने भरलेला असतो. रेसरपिन दिलेल्या प्राण्याचा काप घेतला, तर तेच घोस विझत गेलेले दिसतात. पेशी जागच्या जागी असतात, त्यांचा आकारही शाबूत असतो, फक्त त्यांच्यातला प्रकाश गेलेला असतो.

ग्लोमस पेशी ऑक्सिजनची वर्दी डोपामिनच्या तोंडून देत असतील, तर विझलेल्या पेशींचा हा अवयव मुका व्हायला हवा, असे अनुमान त्यावरून सहजच निघते, आणि अनेक अभ्यासकांनी ते काढलेही होते. ते पारखणे मात्र वाटते तितके सोपे नव्हते. रेसरपिन केवळ ग्लोमस पेशी रित्या करत नाही, तर रक्तवाहिन्यांभोवतीच्या अनुकंपी चेतातंतूंतील नॉरॲड्रेनलिनही संपवते. त्यामुळे रक्तदाब घसरतो, ठिपक्याला मिळणारे रक्त बदलते, आणि चेतातंतूंच्या स्पंदांत झालेला फरक साठा संपल्याचा आहे की रक्तपुरवठा बदलल्याचा, हे जिवंत प्राण्यात वेगळे काढता येत नाही. म्हणून 1980च्या दशकात सशांच्या कॅरॉटिड बॉडी त्यांच्या चेतातंतूसह शरीराबाहेर काढून, क्षारद्रावणात जिवंत ठेवून, त्यांची परीक्षा घेण्यात आली. द्रावणातला ऑक्सिजन कमी केला, तंतूला सूक्ष्म विद्युतअग्र लावले आणि स्पंद मोजले. रेसरपिनने साठा रिता झालेल्या ठिपक्यांनीही ऑक्सिजनच्या कमतरतेला दाद दिली. तंतू बोलत राहिला.

विज्ञानात अशा नकारार्थी निकालाचे मोल अनेकदा कमी लेखले जाते. येथे तर एका औषधाने एका पेशीतील सर्वांत ठळक, सर्वांत मुबलक रसायन जवळजवळ पुसून टाकले आणि तरीही पेशीचा मुख्य निरोप पोचला, म्हणजे तो निरोप दुसऱ्याच कोणाच्या हाती होता, एवढे या निकालाने सांगितले. मुबलक आहे म्हणून तेच महत्त्वाचे असे मानण्याची सवय या प्रयोगाने मोडली, आणि रेसरपिनने या क्षेत्राला केलेली ही सर्वांत मोठी मदत होय.

खरा निरोप्या कोण, याचे उत्तर कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात कॉलिन नर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून पुढे आले. उंदराच्या ग्लोमस पेशी आणि त्यांच्याशी जोडल्या जाणाऱ्या चेतापेशी त्यांनी काचेच्या बशीत एकत्र वाढवल्या. ऑक्सिजन कमी करताच चेतापेशी स्पंद देऊ लागत. ॲसिटिलकोलिन या चेतापारेषकाची ग्राहके, म्हणजे चेतापेशीवर त्याचा निरोप झेलणारी प्रथिने, औषधाने झाकली तर प्रतिसाद अर्धवट उरे, एटीपीची ग्राहके झाकली तरीही अर्धवट उरे, आणि दोन्ही एकाच वेळी झाकली तर प्रतिसाद जवळजवळ थांबे. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या या कामानंतर तीन वर्षांनी, एटीपी ओळखणाऱ्या एका ग्राहकाचे जनुक नसलेल्या उंदरांत ऑक्सिजन कमतरतेला मिळणारा कॅरॉटिड तंतूचा आणि श्वासाचा प्रतिसाद अगदी क्षीण झाल्याचे दिसले. पेशीत ऊर्जेचे चलन म्हणून वावरणारे एटीपी पुटिकेत भरले गेले की निरोप्याचे काम करते, ही गोष्ट पहिल्यांदा ऐकताना चमत्कारिक वाटते. पण ग्लोमस पेशींचा मुख्य संदेश त्यावरच बराचसा विसंबून आहे. एटीपी पुटिकेत भरणारा वाहक निराळा आहे आणि ॲसिटिलकोलिनचाही निराळा आहे, आणि रेसरपिन त्या दोघांना स्पर्श करत नाही. डोपामिनची कणगी रिकामी झाली तरी शेजारच्या कणग्या भरलेल्या राहतात, आणि तंतू बोलत राहतो तो त्यांच्या जोरावर.

मग इतके डोपामिन तेथे साठवले जाते ते कशासाठी, हा प्रश्न उरतो. ग्लोमस पेशींच्या स्वतःच्या पटलावर आणि चेतातंतूंच्या टोकांवर डोपामिनची डी-2 नावाची ग्राहके असतात. पुटिकेतून बाहेर पडलेले डोपामिन त्यांना चिकटले, की पेशीत शिरणारे कॅल्शियम कमी होते आणि पुढच्या पुटिकांचे फुटणे मंदावते. म्हणजे एटीपी व ॲसिटिलकोलिन वर्दी देतात आणि त्यांच्याबरोबरच सुटलेले डोपामिन त्या वर्दीला वेसण घालते, जेणेकरून उंचीवर गेलेल्या माणसाचा श्वास बेलगाम होऊ नये. डी-2 ग्राहके रोखणारे डॉम्पेरिडोन हे औषध मांजराला दिले असता कॅरॉटिड तंतूंचे स्पंद वाढतात, आणि माणसातही ऑक्सिजन कमतरतेला श्वासाचा प्रतिसाद वाढलेला आढळतो. हे तेच औषध आहे, जे मळमळीवर घराघरांत घेतले जाते. ते मेंदूत सहजी शिरत नाही, आणि म्हणूनच त्याचा श्वासावरचा परिणाम मेंदूबाहेरच्या या ठिपक्यातून होतो असे म्हणता येते.

एका पुटिकेत किती माल आहे, हे थेट मोजण्याची रीत 1990च्या दशकात हाती आली, आणि तिने साठवणीचा अभ्यास नव्या पातळीवर नेला. काही मायक्रोमीटर जाडीचा कार्बनचा धागा काचेच्या नळीत बसवून त्याचे टोक एकाच पेशीला जवळजवळ टेकवतात आणि त्याला सुमारे 0.7 ते 0.8 व्होल्टचा धन दाब देतात. पुटिका फुटून डोपामिनचा रेणू त्या टोकावर आदळला, की त्यातून दोन इलेक्ट्रॉन निघून धाग्यात जातात. पडद्यावरची सपाट रेघ अचानक एक सुळका काढते आणि काही मिलिसेकंदांत पुन्हा खाली येते. त्या सुळक्याखालचे क्षेत्रफळ म्हणजे वाहिलेला एकूण विद्युतभार, आणि प्रत्येक रेणूमागे दोन इलेक्ट्रॉन या हिशेबाने त्यावरून रेणूंची संख्या काढता येते. ग्लोमस पेशींवर लोपेस-बार्नेओ यांच्या गटाने हे तंत्र वापरले, तेव्हा ऑक्सिजन असेपर्यंत रेघ शांत राही आणि तो कमी करताच सुळक्यांची रांग लागे. एकेका सुळक्यामागे लाखाच्या आसपास रेणू होते.

औषधांचा साठ्यावरील परिणाम याच रीतीने पीसी-12 या पेशींत अधिक बारकाईने पाहिला गेला. उंदराच्या ॲड्रिनल ग्रंथीच्या गाठीपासून 1976 साली तयार केलेला हा पेशीवंश ग्लोमस पेशींचा नातलग आहे. तोही डोपामिन साठवतो, त्यालाही ऑक्सिजनची उणीव जाणवते, आणि तो प्रयोगशाळेत हवा तेवढा वाढवता येतो, जे मिलिग्रॅमहूनही हलक्या उंदराच्या कॅरॉटिड बॉडीबाबत शक्य नसते. या पेशींना डोपा पाजला की सुळके मोठे होतात, रेसरपिन दिले की लहान होतात. एवढ्यावर थांबले असते तर ते अपेक्षितच म्हटले असते. पण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पुटिका मोजल्या, तेव्हा डोपामुळे पुटिका आकारानेच फुगलेल्या आणि रेसरपिनमुळे आक्रसलेल्या आढळल्या. म्हणजे पुटिका ही ठरावीक मापाची डबी नाही; आतला माल वाढला की ती पोटासारखी सैल होते आणि माल घटला की आवळते. त्यामुळे आतील संहती फारशी न बदलता एकूण साठा बदलतो, आणि एका फुटीत तंतूवर पडणारा डोपामिनचा घोट लहान-मोठा होतो.

साठवणीच्या या यंत्रणेवर वेगवेगळ्या ठिकाणी घाव घालणारी इतर औषधेही आहेत, आणि त्यांच्यातला फरक घावाच्या जागेवरून ओळखावा लागतो. हंटिंग्टनच्या आजारातील अनावर हालचालींवर दिले जाणारे टेट्राबेनाझिन रेसरपिनप्रमाणेच अमीनवाहकाला अडवते, पण त्याची पकड सैल असते आणि परिणाम तासांत ओसरतो. बॅफिलोमायसिन वाहकाला हात न लावता प्रोटॉनचा पंपच बंद पाडते. आम्लता गेली की वाहकाकडे देवाणघेवाणीला काही उरत नाही, आणि अमीनच नव्हे तर त्याच आम्लतेवर आणि विद्युतदाबावर जगणाऱ्या इतर वाहकांचाही व्यवहार थांबतो. रेसरपिनची मर्यादित, एकाच कणगीपुरती करणी या सर्वव्यापी घावाशेजारी ठेवून पाहिली म्हणजे तिचे प्रयोगातील मोल लक्षात येते. ॲम्फेटामिनची रीत आणखी वेगळी आहे. ते स्वतः अमीनच्या वेशात वाहकातून आत शिरते, आम्लता उधळते आणि साठलेले डोपामिन पेशीद्रवात लोटते, तेथून ते पटलावरच्या वाहकांतून उलट्या दिशेने बाहेर पडते. एकाच साठ्याला एक औषध आटवते आणि दुसरे उधळते. साठा दोन्हींत संपतो, पण पहिल्यात शेजारच्या पेशीला काहीच ऐकू येत नाही आणि दुसऱ्यात कानठळ्या बसतात.

औषधाविनाही हा साठा बदलत असतो. उंदरांना काही आठवडे 10 टक्के ऑक्सिजनच्या हवेत ठेवले, तर त्यांच्या कॅरॉटिड बॉडी वाढतात, टायरोसिनचे डोपा करणारे विकर वाढते आणि डोपामिनचा साठा अनेक पटींनी चढतो. पेरूच्या अँडीज पर्वतात जन्म काढलेल्या लोकांच्या कॅरॉटिड बॉडी समुद्रकाठच्या लोकांपेक्षा मोठ्या असल्याचे हाव्हिएर आरियास-स्टेला यांनी 1969 साली शवविच्छेदनांवरून नोंदवले होते. दीर्घकाळ वर्दी देत राहणाऱ्या पेशीने वेसणीचाही साठा वाढवावा, यात शरीराचा एक संयम दिसतो.

अतिदक्षता विभागात या सर्व माहितीला थेट अर्थ येतो. रक्तदाब सावरण्यासाठी शिरेतून दिले जाणारे डोपामिन मेंदूत पोचत नाही, कारण मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत त्याला अडवते. मानेतल्या ठिपक्याला मात्र तसे कुंपण नाही, आणि त्यातून तर रक्ताचा लोंढा वाहत असतो. कमी मात्रेतील डोपामिननेही निरोगी माणसांत ऑक्सिजन कमतरतेला मिळणारा श्वासाचा प्रतिसाद मंदावतो, हे प्रयोगांनी दाखवले आहे. पुटिकांतून थेंबाथेंबाने सुटणारी वेसण येथे बाटलीतून अखंड ओतली जात असते. श्वसनयंत्रावरून उतरवल्या जात असलेल्या, स्वतःचा श्वास स्वतः घेऊ पाहणाऱ्या रुग्णाला अशा वेळी ऑक्सिजन कमी पडला, तर त्याच्या ग्लोमस पेशींतील एटीपीच्या पुटिका फुटतात खऱ्या, पण त्यांची हाक नेहमीच्या जोराने वर जात नाही. श्वासाचा वेग न वाढणे हे अशा रुग्णात ऑक्सिजन पुरेसा असल्याचे लक्षण धरता येत नाही, आणि म्हणून खाटेशेजारी उभ्या असलेल्या परिचारिकेला छातीच्या हालचालीइतकेच बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरच्या आकड्याकडेही लक्ष ठेवावे लागते.